अर्ध्या खुर्चीचा नास्तिक

कोर्टाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये सात टायपिस्ट बसतात. त्यातले सहा देव मानतात आणि कामात बिनदिक्कत चुका करतात. सातवा देव मानत नाही, पण त्याच्या कागदावर एक खाडाखोड सापडली तर दाखवा. शिवाय 'मी देवाला स्मरून शपथेवर सांगतो की' हे वाक्य दिवसातून तीस वेळा सगळ्यात झोकात उमटतं ते या नास्तिकाच्याच मशिनवर.

शेडमध्ये त्याला 'अर्धेसाहेब' म्हणतात. कारण साहेब खुर्चीच्या उजव्या अर्ध्या भागावरच बसतात. डावा अर्धा मोकळा. एक मांडी अधांतरी, कंबर तिरकी, मान मशिनकडे वळलेली. हे असं छत्तीस वर्षं.

कुणी विचारायचा अवकाश, भाषण तयार. "ही त्या नन्सची कृपा! पहिलीत आम्हाला फूटपट्टी सिस्टर होती. तिने फर्मान काढलं, खुर्चीची अर्धी जागा राखणदार देवदूताला सोडायची. वर्गातल्या त्रेचाळीस पोरांच्या पाठी वाकड्या केल्या त्या बाईने. अठराव्या वर्षी ठरवलं, असल्या धर्माला लांबूनच रामराम."

"मग आता बसा की ऐसपैस," शेजारचा टायपिस्ट म्हणायचा.

"सवय हो. दुसरं काही नाही."

सवय मोठी इमानदार होती. न्हाव्याच्या खुर्चीतही साहेब अर्धेच बसत, त्यामुळे एका कानावरचे केस कायम जास्त कापले जात. चर्चमध्ये ते फक्त लग्नाला आणि मयताला जात, आणि तिथे अख्खं बाक रिकामं असलं तरी टोकाला टेकत. धर्म सोडला होता. शिस्त नव्हती सोडली.

शेवटी कंबरेने तक्रार केली. हाडांच्या डॉक्टरने फोटो उजेडात धरला आणि साहेबांकडे असं पाहिलं, जणू यांनीच मणका हाताने वाकवला असावा.

"काका, पूर्ण खुर्चीत बसायचं. मागे टेकून. तीन महिन्यांत फरक पडला नाही तर ऑपरेशन, आणि मग सहा महिने अंथरूण."

सहा महिने! शेडमधली जागा सहा दिवस रिकामी राहिली तरी दुसरा मशीन मांडून बसतो. साहेबांना दुसरं कुठलं कामही येत नव्हतं.

घरी सराव सुरू झाला. बायको समोर उभी राहून हुकूम सोडू लागली. "सरका. अजून सरका. आता टेका."

साहेब टेकले. दहापर्यंत आकडे मोजून व्हायच्या आत ताडकन उठले.

"काय झालं?"

"कुणाच्या तरी मांडीवर बसल्यासारखं वाटतं."

"म्हणजे देव नाही, पण त्याचा नोकर मात्र आहे? बरं आहे हो तुमचं! तीस वर्षं मला वाटतंय, त्या अर्ध्या जागेत माझी सवत बसली आहे."

"देवाचं आणि माझं जमत नाही. त्या दूताने माझं काय वाकडं केलंय?"

"कंबर," बायको म्हणाली.

बायकोने चौकशी केली तेव्हा कळलं, की फूटपट्टी सिस्टर अजून आहेत, म्हाताऱ्या नन्सच्या निवासात. "जिने गाठ मारली तिच्याकडूनच सोडवून आणू," ती म्हणाली, आणि रविवारी नवऱ्याला पुढे घालून निघाली.

निवासाच्या बैठकीत फिनाइलचा वास होता. फरशी इतकी लख्ख, की साहेबांनी नकळत चपलांचे तळवे तपासले. दोनच खुर्च्या. एकीत सिस्टर, कानात मशीन, हात वाळक्या शेंगांसारखे. फूटपट्टीची आता गरज नव्हती, नजर पुरेशी होती. दुसरीत साहेब बसले. अर्थात, अर्धे.

त्यांनी वाटेत घोकलेलं आरोपपत्र वाचायला घेतलं. फर्मान, त्रेचाळीस पोरं, वाकड्या पाठी, डॉक्टर. "तर आता तुम्हीच सांगा, सिस्टर, की हे रद्द झालं."

सिस्टरने शांतपणे ऐकून घेतलं. "असं मी वर्गाला कधीच सांगितलं नाही."

"असं कसं? मला स्वच्छ आठवतंय!"

"शाळा नवी होती. बाकं यायची होती. खुर्च्या बावीस आणि पोरं त्रेचाळीस. मी एका खुर्चीत दोघांना बसवायचे. एकवीस खुर्च्या भरल्या, की शेवटच्या खुर्चीत एक पोर उरायचं. वर्ष अर्धं झाल्यावर आलेलं. त्याच्या शेजारी बसायला कुणी उरलंच नव्हतं. ते भोकाड पसरायचं. रोज! माझा गणिताचा तास खाल्ला त्याने. मग मी म्हटलं, बाबा रे, तुझ्या शेजारी तुझा देवदूत बसलाय, त्याला जागा दे आणि गप्प बस." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तू तो रडका ना?"

ज्या फर्मानावर साहेबांनी अख्खा नास्तिकपणा उभा केला होता, ते त्यांच्या एकट्यासाठीच निघालं होतं. आणि तेही लाडाने.

"बाकीच्यांना..."

"बाकीच्यांना जोडीदार होते. त्यांना दूत कशाला?" सिस्टरची नजर वर गेली आणि आवाज एकदम पहिलीच्या वर्गात पोचला. "आणि काय रे, बायको मघापासून उभी आहे, आणि तू अर्धी खुर्ची रिकामी ठेवून बसलास? लाज नाही वाटत?"

साहेब आणखी कडेला सरकले. बायको बसली, अंमळ जोरातच. खुर्ची करकरली. कुणाच्याही मांडीवर बसल्याची तक्रार तिने केली नाही.

"टेका," ती हळूच म्हणाली. दोघंही टेकले. साहेबांनी आकडे मोजले. दहाच्या पुढे गेले, वीसच्या पुढे गेले, मग मोजायचंच विसरले. सिस्टर डोळे मिटून बसल्या होत्या. झोपल्या होत्या की प्रार्थना करत होत्या, हे विचारायची छाती पहिलीतही नव्हती.

आता साहेबांची कंबर बरी आहे. ऑपरेशन टळलं. शेडमध्ये खुर्चीच्या जागी जुन्या बाजारातलं दोघांचं, पाठ टेकायची सोय असलेलं बाकडं आलंय. त्यावर ते उजवीकडे ऐटीत मागे टेकून बसतात आणि देव नाही हे पूर्वीइतक्याच हिरिरीने सांगतात. नन्सनी पाठ मोडल्याचा मुद्दा मात्र भाषणातून गळाला आहे.

परवा एक वकील बाकड्याच्या डाव्या बाजूला बूड टेकवणार, तेवढ्यात साहेबांनी मशिनवरची नजर न काढता स्टूल पुढे सरकवलं.

"इथे बसा, वकीलसाहेब."

"का? ही जागा कुणाची आहे?"

"बायको येते कधी कधी," साहेब म्हणाले, आणि पुढची ओळ टाइप करू लागले: मी देवाला स्मरून शपथेवर सांगतो की.

बायको कोर्टाकडे आजवर एकदाही फिरकलेली नाही.