पालथी देवी

माझ्या थोरल्या मामीइतकी परक्या देवांची काळजी वाहणारी बाई साऱ्या छत्तीसगडात सापडायची नाही. मामाच्या रेल्वेतल्या नोकरीपायी ती अमरावतीहून रायपूरला आली आणि गुढियारीतल्या झाडून साऱ्या देवांशी तिने घरोबा केला. कुठल्या मारुतीला ऊन लागतं, कुठल्या देवीला जुनंच लुगडं नेसवलंय, सगळं तिला ठाऊक. रायपूर राजधानी झालं, तेलीबांध्याकडे इमारती उठू लागल्या, तेव्हाही हिची चिंता एकच: "एवढे सायब आले, त्यायचे देव कुठं राहून राहिले?"

अशा बाईला मी हौसेने संग्रहालय दाखवायला नेलं. तिथे काचेच्या पेटीत एक प्राचीन ग्रीक चांदीचं नाणं होतं, वर घुबड कोरलेलं. घुबड पाहून मामीने तिथल्या तिथे चपला काढल्या. "लक्ष्मीचं वाहन हाय हे. मंग लक्ष्मी कुठं गेली?" नाण्याच्या दुसऱ्या बाजूला देवीचा मुखवटा आहे, असं पाटीवर लिहिलं होतं, ते मी वाचून दाखवलं. ही ग्रीकांची अथेना, लक्ष्मी नव्हे, हेही सांगून पाहिलं. पण देवीला पालथी निजवली आहे, एवढंच मामीच्या मनाने घेतलं.

तेव्हापासून दर संक्रांतीला ती तिळगुळाचा डबा घेऊन तिथल्या अधिकाऱ्यांपुढे उभी राही. "साहब, तिल-गुड़ लो, मीठा बोलो, और देवी को सीधा करो." ते भले गृहस्थ हसत. "अम्मा, वो तो ग्रीस की देवी है. और बच्चे तो उल्लू ही देखने आते हैं." मामी बधत नसे. "होगी ग्रीस की. अब तो रायपुर में रहती है ना? हम भी तो अमरावती के हैं." असं उत्तर मला जन्मात सुचलं नसतं.

शेवटी त्यांनीच निरोप धाडला, नाणं उलटवलं म्हणून. तोवर मामीची नजर पार गेली होती. तरी तिला रिक्षाने नेलं. काचेला नाक टेकवून ती कितीतरी वेळ उभी राहिली.

"कशी दिसून राहिली रे?"

"मोठाले डोळे आहेत, मामी. अन् हसते आहे."

तिने समाधानाने हात जोडले. जरा वेळाने मात्र माझी बाही ओढली.

"आता ते घुबड पालथं पडलं असल ना रे? इतके वर्षं तेच बिचारं आपल्याले पाहून राहिलं होतं." आणि पिशवी चाचपत ती पुटपुटली, "तिळगूळ आनाले पाह्यजे होता."