काकांचं नाक

"बोला भिया, किती बांधू?" असं काकू माळवी ढंगात विचारायच्या, पण तोवर अर्ध्या किलोची पुडी बांधून झालेली असायची. आधी करून टाकायचं आणि मग विचारायचं, ही त्यांची जुनी सवय. मी एकटा माणूस, पाव किलो भाजणी मला पुरून उरते. पण देवासच्या त्या दुकानातून पाव किलो घेऊन परतलेला कुणी तुमच्या पाहण्यात असेल तर कळवा.

दुकान दोघांचं. थालिपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला. काकू गिऱ्हाईक सांभाळायच्या, काका मागे कढईपाशी. धान्य खमंग कधी झालं, हे काका नाकाने ठरवायचे. गावातली मराठी घरं त्या नाकाच्या भरवशावर होती. अलीकडे मालवी शेजारणीही "वो थालीपीठवाला आटा" मागायला येऊ लागल्या होत्या.

मग काकांना ताप आला. ताप उतरला, पण वास गेला तो गेलाच. हिंगाची डबी नाकाशी धरली तरी काका ढिम्म. इंदूरचा मुलगा म्हणाला, "आई, आता दुकान बंद. दोघं माझ्याकडे चला."

"आणि हे तिथे काय करतील? बाल्कनीत बसून गाड्या बघतील?" काकू कडाडल्या. "ह्यांना घरी बसवलं की हे संपले. दुकान चालणार. आणि गिऱ्हाइकाला यातलं काही कळता कामा नये."

शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून होतं. मी मान डोलावली. काकूंसमोर दुसरं काही करण्याची सोय नव्हती.

तेव्हापासून पुड्या बांधता बांधता काकूंचं लक्ष कढईकडे. खमंग वास सुटला की त्या उठायच्या, गॅस बंद करायच्या आणि मग मोठ्याने विचारायच्या, "अहो, झालं का?"

काका मूठभर धणे नाकाशी नेऊन डोळे मिटायचे. "झालं. कर बंद."

"करते हं," म्हणत काकू बंद गॅसचं बटण उगाच चाचपायच्या. मी हसू दाबून पैसे मोजायला लागायचो.

गेल्या थंडीत काकू गेल्या. आता काका इंदूरला जाणार, असं सगळे धरूनच चालले होते. दिवस-वार उरकल्यावर मी भेटायला गेलो, तर दुकान उघडं! काका एकटेच कढई ढवळत होते.

"बरे आलात. जरा वास घेऊन सांगा, झालं का. मला येत नाही."

मी "काय सांगता!" असा चेहरा केला.

"राहू द्या हो. माझं नाक गेलं, डोळे नाही. ती आधी गॅस बंद करायची आणि मग मला विचारायची."

"मग बोलला का नाहीत कधी?"

"माझ्यावर एवढा जीव पाखडत होती. मी कशाला मोडता घालू?" त्यांचा ढवळणारा हात थांबला नव्हता. "मुलाला सांगितलंय, मी येणार नाही. हं, बोला, झालं का?"

मी कढईवर वाकलो. पण डोळ्यांना धार लागली होती आणि नाक पार चोंदलं होतं. मला काही म्हणता काही कळेना.

काकांनी माझ्याकडे एकवार पाहिलं आणि रस्त्याने चाललेल्या शेजारणीला खणखणीत हाक मारली, "अरे भाभी, जरा इधर आना! सूंघ के बताओ तो, हो गया क्या?"