भावासाठी लावलेली कडी

गणपतीला गावी जाणाऱ्या बसचं बुकिंग दहाला सुरू होणार होतं. आमच्या ग्रामस्थ मंडळाच्या वेबसाइटचं काम मी भांडून मिळवलेलं. कारभाऱ्यांना ते माझ्या चुलतभावाला द्यायचं होतं, कारण तो मोठ्या कंपनीत आणि मी डिलाईल रोडच्या चाळीतल्या खोलीत. वास्तविक सर्व्हरचं काम त्याला मीच शिकवलं, माझ्याच सर्व्हरवर, आणि तीन वर्षांपूर्वी आमचं दोघांचं चालू काम अर्ध्यावर टाकून हाच त्या कंपनीत गेला. ते मी विसरलेलो नाही.

सव्वानऊला मंडळातून फोन: दुसरी बस मिळाली. तिच्या जागा वेबसाइटवर चढवायला माझ्या त्याच जुन्या सर्व्हरवर लॉगिन करायचं, एवढंच. लॉगिन होईना.

वेबसाइट उघडत होती. पिंग केलं की सर्व्हर लगेच ओ देत होता. पासवर्ड चुकला असता तर त्याने तोंडावर नाही म्हटलं असतं. हा नुसता गप्प. म्हणजे मला दारातच कुणीतरी अडवत होतं. मोबाइलच्या नेटवरून बघितलं, तेच. माझं डोकं फिरलं. भावाला फोन लावला.

"काय केलंस माझ्या सर्व्हरला? लॉगिन करायला गेलो की नुसता गप्प!"

तो हसायलाच लागला. "मी? मी सोडून गेलो ना, त्याच आठवड्यात लॉगिन करून बघितलेलं. तेव्हाही असाच गप्प होता. मला बाहेर ठेवायला तूच कायतरी केलंस ना, दादा?"

केलं होतं. फक्त माझ्या घरच्या इंटरनेटच्या पत्त्यावरून येईल त्यालाच आत घे, असं रागाच्या भरात मी सर्व्हरला सांगून ठेवलं होतं. आणि गेल्याच आठवड्यात चाळीच्या केबलवाल्याशी भांडून, दुसरीकडे तासभर घासाघीस करून, मी स्वस्तातलं नवं कनेक्शन घेतलं होतं. पत्ता बदलला, मी बाहेर!

पण केबलवाल्याकडून अख्खी चाळ एकाच पत्त्यावरून बाहेर पडते. हे आठवलं आणि लॅपटॉप छातीशी धरून मी गॅलरीतून धावलो. टोकाच्या खोलीतल्या काकींकडे अजून त्याचंच कनेक्शन होतं.

"काकी, वायफायचा पासवर्ड! लवकर!"

"आता इलंस? स्वस्तातला घेतलंस ना?"

"काकी, बस जाईल!"

"खिडकीकडची सीट देतंस?"

"देतो."

"पुढची हां. मागे माका गाडी लागता."

पहिल्याच बोलीला हो म्हणायची माझी सवय नाही. त्या दिवशी म्हणालो.

एंटर मारला आणि दार उघडलं! मी असा ओरडलो की समोरच्या चाळीतले लोक गॅलरीत आले. आधी नवा पत्ता सर्व्हरला सांगितला, मग जागा चढवल्या. दहाला बुकिंग सुरू झालं. पहिली सीट काकींची. बघता बघता दोन्ही बस भरल्या.

भावाचा मेसेज आला, "झालं का लॉगिन?" आभार लिहायला घेतले, आणि बोट थांबलं. सोडून गेल्यावर हा माझ्या सर्व्हरवर लॉगिन करायला गेलाच कशाला?

लगेच फोन लावला. उचलला नाही.