जेवताना वाजलेली भीमगीतं

आमच्या घरात गाणी लावायचं काम माझंच. बाबा कोळसा खाणीतून पाळी करून आले की वेगळी, आई स्वयंपाकाला लागली की वेगळी. भामरागडला मामाकडे जाताना तर आदल्या दिवशीच उतरवून ठेवायची, कारण वाटेत रेंज नसते.

ताईच्या लग्नासाठीही मी हळदीची, वरातीची, जेवणाची अशा वेगळ्या प्लेलिस्ट केल्या. जेवणाला भीमगीतं. बाबा तरुणपणी गावोगावी तीच गात फिरले होते.

चंद्रपूरच्या हॉलमध्ये पंगती बसल्या. पहिलं गाणं सुरू झालं तोच ताईचा भासरा, म्हणजे नवरदेवाचा मोठा भाऊ, माझ्याजवळ आला. नागपूरला मोठा अधिकारी. तोही आमच्यातलाच.

"हे बंद करा. माझ्या ऑफिसचे लोक आलेत. काहीतरी सॉफ्ट लावा."

"तुमच्या घरी नाई लागत हे?"

"घरी लागतं. सगळीकडे सांगत बसायची गरज नसते."

मी तडक स्टेजवर गेले. "ताई, तू सांग त्याले."

ताईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "बदलवून टाक ना. आजच्या दिवशी काऊन वाद करून राह्यली?"

मी खाली आले आणि माझ्या मोबाईलची वायर उपटली. हॉलभर नुसता ताटवाट्यांचा आवाज. भासऱ्यानं घाईनं स्वतःचा मोबाईल जोडला, तर आधी केसांच्या तेलाची जाहिरात दणाणली, मग बासरी.

आई धावत आली. "काऊन वं, आपले गाणे बंद?"

मी सांगितलं. बाबा तिथंच त्या ऑफिसवाल्यांना बुंदी वाढत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"जाऊ दे," ते म्हणाले. "पाहुणे हायेत."

भासऱ्याचा राग एकीकडे, पण त्या क्षणी मला सगळ्यात जास्त राग बाबांचा आला. मी न जेवता घरी निघून आले.

पुढं ताईचा फोन आला. नवी गाडी घेतली होती, ऑफिसला जाताना ऐकायला गाणी हवी होती.

"तुह्या भासऱ्याले माग."

ती हळूच म्हणाली, "ते भीमगीतं पाठव ना. गाडीत मी एकटीच असते. काच लावून घेईन."

"काच लावून?"

मी फोन कापला. गाणी अजून पाठवली नाहीत.