मधला गुजरात

दोंडाईच्याच्या फलाटावर आईनं माझं मनगट धरलं ते गाडी हलेपर्यंत सोडलं नाही. पत्र्याची पेटी मामाच्या डोक्यावर, भाकरीचं फडकं माझ्या काखेत, आणि आजूबाजूचे लोक ऐकतायत याची जराही पर्वा न करता आई बजावत होती, "तठे दारू मोकळी शे म्हनतस. हात लावना तं मन्ह मरेल तोंड दखशी." दारूला हात लावलास तर माझं मेलेलं तोंड बघशील, असं. मी सोळा वर्षांचा होतो. दारूचा विचार तोवर माझ्या डोक्यातही आला नव्हता. मामानं गाडीत चढता चढता तिला शब्द दिला, "आक्का, पोर्‍या मनी जबाबदारी. काही वाकडं दखायनं तं दुसरा दिन परत धाडसू." गाडी सुटल्यावर माझ्या कानात आईचं वाक्य नव्हतं, मामाचं होतं. परत धाडीन.

परत जाऊन करायचं काय होतं? तुम्हा गावातल्या दोस्तांना ठाऊकच आहे. वडील गेलेले, शेत नाही, आणि धाकट्या दोघी बहिणींची शाळा माझ्या पगारावर चालायची होती. मी निघालो तेव्हा तुम्ही सगळे मला नशीबवान म्हणालात. मी मात्र उधन्याला गाडी बदलताना मामाच्या सदऱ्याचं टोक धरून उभा होतो. मी मुळातच भित्रा, हे इथंच कबूल करून टाकतो. पुढचं सगळं त्या भीतीचंच आहे.

सेलवासला मामाची खोली किलवणी नाक्याजवळ. मामा, मामी आणि मी, तिघं एका खोलीत. कामाला खडोलीला, धाग्याच्या कारखान्यात. कंपनीचा टेम्पो नाक्यावरून आम्हाला उचलायचा. सहा महिन्यांत माझी भाषा बदलली. भरलेली बॉबिन काढून रिकामी लावायची त्याला डॉफिंग म्हणायचं, मशिन 'चालू छे' की 'बंद छे' ते गुजरातीत सांगायचं, सुपरवायझरशी हिंदीत बोलायचं आणि घरी येऊन मामीजवळ अहिराणीत रडायचं. आज माझी पाच वर्षांची पोरगी एका वाक्यात तिन्ही भाषा कालवते आणि तिला त्याचं काही वाटत नाही. मला तेव्हा तोंड उघडायचीही धास्ती होती.

आणि भिका, तुझी पत्रं! प्रत्येक पत्रात एकच प्रश्न. तिथं दारू पाण्यासारखी मिळते म्हणे, घेतलीस की नाही? दोन पत्रांना मी उत्तर दिलं नाही. तिसऱ्यात तू लिहिलंस, 'तू काय घेणार, तू तर आईच्या पदराला बांधलेला.' मला असा राग आला, की मी सरळ लिहून टाकलं, 'घेतली. बियर. मजा आली.' धडधडीत खोटं. पत्र पेटीत टाकलं आणि मग वाटलं, बोंबला! हा गावभर सांगणार. आईच्या कानावर गेलं तर न पिताच मेलो. आणि मेल्यासारखं व्हायचंच असेल तर निदान एकदा पिऊन तरी बघू. सतरा वर्षांच्या पोराचं डोकं हे असं चालतं.

संजू माझ्याहून वर्षानं लहान. त्याचे वडील इथल्या शाळेत शिक्षक, मूळचे राजापूरकडचे. मला बाहेरून बारावीला बसायचं होतं, म्हणून सर मला त्यांच्या क्वार्टरमध्ये बसवून फुकट इंग्रजी शिकवायचे. आधी धडा, मग काकूंच्या हातची घावनं. परक्या गावात मला कुणी ताट मांडून वाढत असेल तर ते तेच घर. संजूला मी माझा बेत सांगितला. बेत माझा होता, हे नीट लक्षात ठेवा. तो फक्त हसला आणि म्हणाला, "दिल्या, तुला एकट्याला सोडलं तर तू दारातूनच पळून येशील. मी येतो."

सेलवासमध्ये प्यायची सोय नव्हती, म्हणजे बार ढीगभर होते, पण प्रत्येक बारबाहेर मामाच्या ओळखीचं कुणीतरी उभं असायचं. म्हणून मी दादरा ठरवलं. आपलाच भाग, पण कुणी ओळखत नाही. माझं डोकं बघा. 'दादरा आणि नगर हवेली' असं सगळ्या पाट्यांवर एका दमात लिहिलेलं, म्हणून जमीनही सलग असणार, हे मी धरूनच चाललो. वापीहून टेम्पोतून ये-जा करताना दादरा आणि सेलवासच्या मधे लवाछ्याला गुजरातची, म्हणजे दारूबंदीची, पट्टी लागते, हे डोळ्यांनी शंभर वेळा पाहिलेलं. पण मी कधी पीत नव्हतो, त्यामुळे ती पट्टी माझ्या कामाची नव्हती. आणि संजू जन्मापासून सरळमार्गी. त्यालाही सुचलं नाही.

माझी दुसरी पाळी होती. साडेतीनला नाक्यावर टेम्पो. मामा पहिल्या पाळीला गेलेला, त्याची सायकल भिंतीला टेकलेली. ती घेतली, संजूला पुढच्या दांड्यावर बसवलं आणि भर उन्हात दादऱ्याला गेलो.

बारचं दार मी संजूलाच ढकलायला लावलं. आत काळोख, गारवा आणि तळलेल्या बोंबलांचा वास. मला वाटलं होतं, आत गुंड बसलेले असतील. बसले होते वापी-वलसाडकडचे साधे दुकानदार, नीट इस्त्री केलेल्या शर्टातले, भराभरा ग्लास रिकामे करणारे आणि दर घोटाला दाराकडे बघणारे. आमच्याइतकेच घाबरलेले! वेटरनं आमच्या मिशा फुटायच्या बाकी आहेत हे पाहिलं, पण एक शब्द विचारला नाही. एक बाटली, दोन ग्लास. पहिला घोट घेतला आणि मला वाटलं, यांनी चुकून औषध दिलं. कडू जहर. संजू नाक दाबून प्यायला. मी मजा आल्यासारखं तोंड करून बसलो, कुणासाठी कोण जाणे. अर्ध्या तासात कान गरम झाले आणि आम्ही दोघं कारण नसताना हसायला लागलो.

शेजारच्या टेबलावरचे एक काका बडीशेप चावत उठले. जाता जाता थांबले आणि म्हणाले, "बेटा, क्यां जवाना?"

"सेलवास," मी ऐटीत म्हणालो.

"तो वच्चे गुजरात आवे छे, खबर छे ने? आजे चोकी पर मोढां सूंघे छे." मधे गुजरात लागतो आणि आज चौकीवर तोंडाचा वास घेतायत.

माझी नशा तिथंच उतरली. वास मात्र उतरला नाही, तीच तर पंचाईत. गुजरातेत दारूबंदी, पिऊन सापडलं की पकडून इस्पितळात नेतात, रक्त तपासतात, केस होते. केस म्हणजे मामा. मामा म्हणजे परतीची गाडी. मी संजूला म्हणालो, आपण दुसऱ्या बाजूनं जाऊ. तो म्हणाला, "कुठल्या बाजूनं? दादऱ्याच्या चारी बाजूंना गुजरातच आहे." पायाखालची जमीन सरकणं म्हणतात ते मी त्या दिवशी अनुभवलं.

चौकीच्या अलीकडे रस्त्याला लागून आंब्याची, पेरूची, चिंचेची झाडं होती. तिथं सायकल आडवी टाकून आम्ही बसलो. पेरूची पानं चावली, चिंच चावली, मातीसुद्धा चाटून पाहिली. एकमेकांच्या तोंडाजवळ नाक नेऊन विचारायचं, "येतोय?" "येतोय." पुन्हा पानं. समोर चौकीवर एका स्कूटरवाल्याला उतरवून हवालदार त्याच्या तोंडाशी नाक नेत होता. स्कूटरवाला हात जोडत होता. त्याला जीपमध्ये बसवलं. मी आणखी मूठभर पानं तोंडात कोंबली.

अडीच वाजून गेले. पाळी चुकली तर सुपरवायझर मामाला विचारणार, कारण मला मामानंच लावला होता. मी रडायच्या बेताला आलो. संजूनं माझ्याकडे पाहिलं आणि उठून शर्ट खोचला. म्हणाला, "मी पुढं चालत जातो. मी शाळेचा पोरगा दिसतो, मला कोण धरतंय? पलीकडे पोचलो की हात करतो. मग तू ये." मी त्याला नको म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "जा."

तो चालत गेला. चौकी जवळजवळ ओलांडली होती त्यानं. मग हवालदारानं हाक मारली, तो थांबला, मान वर केली, तोंड उघडलं. हवालदारानं त्याचा दंड धरला. संजूनं एकदाच मागे पाहिलं, थेट माझ्या झाडाकडे, आणि लगेच मान वळवली ती पुन्हा फिरवली नाही. त्याला विचारत असणार, कोण होतं बरोबर. तो नकारार्थी मान हलवत होता.

आणि मी काय केलं? मी सायकल उचलली. शेतात गवताचा भारा बांधणाऱ्या एका वारली बाईला सेलवासची वाट विचारली, तिनं हातानं बांध दाखवला. बांधावरून, नाल्यातून, चिखलातून मी सायकल कधी ओढत, कधी खांद्यावर घेऊन पळालो. साडेतीनला नाक्यावर टेम्पोत चढलो. पाळीभर बॉबिना काढल्या, लावल्या. प्रत्येक वेळी दार वाजलं की वाटायचं, आले, संजूनं नाव सांगितलं. कुणी आलं नाही. त्यानं नाव सांगितलं नव्हतं, आणि सुटलो याचा मला आनंद झाला. तो आनंद आठवला की मला आजही स्वतःची किळस येते.

दुसऱ्या दिवशी मामाची सुट्टी होती. सकाळी सर आमच्या खोलीवर आले. रात्री पोराला सोडवून आणलेलं, डोळे लाल, पण शर्ट नेहमीसारखा स्वच्छ. मामीनं पाणी दिलं, ते हातात तसंच राहिलं. मला म्हणाले, "दिलीप, मी रागवायला नाही आलो. चार पोरं जमून आगाऊपणा करतात, ते मला समजतं. पण सोळाव्या वर्षी तो एकटा जाऊन बसला असेल, तर माझ्या घरातच काहीतरी बिघडलंय. तो एकटाच होतो म्हणतो. तू त्याच्याबरोबर होतास का रे? तेवढंच कळू दे मला."

एक 'हो' त्यांना पुरला असता. त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं, त्यांना तो हवाच होता. मामा चुलीजवळ बसला होता. त्याच्या मागे सायकल, चाकांना वाळलेला चिखल, साखळीत अडकलेलं गवत. मामा सायकलकडे बघत होता.

"नाही सर," मी म्हणालो. "मी कामावर होतो."

सर "बरं" म्हणाले, पेला जपून खाली ठेवला आणि गेले.  मामा उठला, फडकं ओलं केलं आणि स्वतः सायकल पुसायला बसला. आईला दिलेला शब्द त्यानंही त्या दिवशी मोडला. मला परत धाडलं नाही.

महिन्याभरात सरांनी संजूला राजापूरला आपल्या थोरल्या भावाकडे ठेवला. पुढच्या वर्षी तेही बदली मागून गेले. शेवटपर्यंत मला शिकवत राहिले, काकू घावनं वाढत राहिल्या, आणि मी खाली मान घालून खात राहिलो. बारावी पास झालो. कायम झालो. बहिणींची लग्नं झाली. किलवणीच्या रस्त्याला दोन खोल्यांचं घर बांधलं. तुम्ही वास्तुशांतीला आलात आणि म्हणालात, दिल्यानं नाव काढलं. आता सेलवासला रंगीत दिव्यांचे बार झालेत, शनिवारी सुरतेच्या गाड्यांची रांग लागते. लवाछ्यावरून जाताना मी आजही खिडकीशी बसत नाही. थेंब घेतलेला नसतो, तरी तोंड मिटून घेतो.

मागच्या उन्हाळ्यात दारात एक गृहस्थ उभे राहिले. केस विरळ झालेले, खांद्याला शबनम. मी ओळखलं नाही, 'दिल्या' अशी हाक आली तेव्हा कळलं. संजू. आता राजापूरलाच शाळेत शिकवतो. वडिलांच्या फंडाचे काही कागद इथल्या कचेरीतून न्यायचे होते.

"सर कसे आहेत?" मी विचारलं.

"दिवाळीत गेले."

मी त्याच्यासाठी खुर्ची ओढली. तो शांतपणे सांगत होता. "शेवटच्या आजारपणातही विचारायचे. संजू, त्या दिवशी तू खरंच एकटा होतास का? मी हो म्हणायचो. इतकी वर्षं म्हटलेलं, आता काय बदलायचं."

"का रे?" मी विचारलं. "माझं नाव का नाही सांगितलंस? मी तुला टाकून पळालो."

तो जरा चकित झाला. इतकं साधं मला कळलं नाही याचं त्याला नवल वाटलं असावं. "मला काय होणार होतं? फार तर राजापूरला धाडतील. तिथं माझं घर होतं, दिल्या. तुला परत धाडलं असतं तर तू कुठं गेला असतास?"

स्वयंपाकघरातून बायकोनं विचारलं, कोण आलंय हो? पोरगी दारात येऊन उभी राहिली. 'कोण होतं बरोबर' या प्रश्नाला मी बारा वर्षं भीत आलो होतो. तुम्हाला गावात वाटतं, मी इथं कष्टानं घर केलं. ते खरं नाही. हे घर दुसऱ्याच्या घरातून उचलून आणलंय, एका बापाला आयुष्यभर झोप येऊ न देता. माझी भीती गेलेली नव्हती.  पण ज्यानं मला घर दिलं तो समोर बसला होता, आणि याच घरात त्याला 'कुणी ओळखीचा' म्हणणं मला जमलं नाही.

"संजू," मी मोठ्यानं सांगितलं. "आमच्या सरांचा मुलगा. आम्ही दोघं दादऱ्याला प्यायला गेलो होतो. दोघं."