वजा सहा

वटारच्या मॅडमनी मला सावरलं, हे आधी लिहून ठेवते. काय झालं ते मग सांगते. बोलायला लागले की मी घाबरून मधेच भलतीकडे वळते, आणि ज्यांचे आभार मानायचे तेच राहून जातात.

आमचा कारखाना वसई पूर्वेला, प्लॅस्टिकच्या पाण्याच्या टाक्यांचा. मॅडम तिथे कॉम्प्युटर विभागात होत्या. विभाग म्हणजे एक एसी खोली, दोन टेबलं आणि त्या. घर वटारला, वाडीत. डब्याबरोबर कधी केळी आणायच्या, कधी पिशवीभर जांब, आणि एसीत बसून स्वतःच शाल पांघरायच्या.

मी नांदेडकडची. नववीत शाळा सुटली, लग्न होऊन विरारला चंदनसारला आले. कारखान्यात टाक्यांची झाकणं पुसायला लागले होते. आवाज बरा म्हणून फोनवर बसवलं. अर्जात शिक्षणासमोर मी 'दहावी' एवढंच लिहिलं होतं. कुणी पुढे विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पण त्या एका शब्दाची धास्ती वर्षानुवर्षं पोटात घेऊन मी फोन उचलत होते.

कारखान्यात तीन प्रोग्राम होते. ऑर्डरचा एक, गोडाऊनचा एक, गाड्यांचा एक. तिघे वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या साली बनवलेले, त्यामुळे त्यांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं. प्रत्येकाकडे शिल्लक टाक्यांची आपापली यादी आणि तिन्ही याद्यांत तीन आकडे. मग सगळे मला फोन करायचे. "हजार लिटरची काळी आहे का?" मी गोडाऊनच्या काकांना विचारायचे, त्यांच्या आकड्यातून सहा कमी करायचे आणि सांगायचे. सहा का, तर काका तडे गेलेल्या टाक्याही मोजायचे. "उभी हाय ना? मग मोजायची," असं त्यांचं म्हणणं. तडे गेलेल्या साधारण पाच-सहा असायच्याच.

दोन हजार साल उलटून गेल्यावर शेठनी नवी पद्धत आणायचं ठरवलं. मुंबईहून एक टायवाले साहेब आले. त्यांनी भिंतीवर चौकोन दाखवले, चौकोनांतून बाण काढले, बाणांतून पुन्हा चौकोन. सर्व्हिस ओरिएंटेड आर्किटेक्चर, म्हणाले. शेठ मान डोलवत होते. काकांनी मला हळूच विचारलं, "यात टाकी कुठली बाय?"

मग मॅडम उठल्या. "सोपं आहे," म्हणाल्या. "आपल्या फोनवरच्या बाई काय करतात? सगळे त्यांना विचारतात. त्यांचं रजिस्टर कुणी उघडून बघत नाही. प्रश्न ठरलेला, उत्तर ठरलेलं. ऑर्डरवाल्याला गोडाऊन कसं चालतं ते माहीत असायची गरजच नाही. असंच एक उत्तर देणारं कॉम्प्युटरमध्ये बनवायचं, त्याला सर्व्हिस म्हणायचं. तिन्ही प्रोग्रामनी आपापल्या याद्या फेकून द्यायच्या आणि त्यालाच विचारायचं."

सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. कौतुकच होतं ते, पण माझ्या मनात भलतंच आलं. कॉम्प्युटर उत्तर देणार असेल तर माझी खुर्ची कशाला? आणि दुसरीकडे नोकरी शोधायची तर दहावीचा कागद आणायचा कुठून?

दुसऱ्या दिवशी मॅडम माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसल्या. "प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये तू काय करतेस?"

"काही नाही मॅडम."

"काही नाही करायला पाच मिनिटं लागतात?"

मग सांगितलं, सहा कमी करते. त्यांनी ते लिहून घेतलं. शाळेत शिक्षेचं लिहून घेतात तसं मला वाटलं, पण त्या खूश दिसत होत्या.

नवी पद्धत सुरू झाली ती सोमवारी सकाळी. माझा फोन पहिल्यांदाच गप्प. मी रिकामे हात मांडीवर ठेवून बसले. तासाभरात ऑर्डरवाले धावत आले. एव्हरशाईन सिटीतली एक सोसायटी बारा टाक्या मागत होती आणि तिन्ही प्रोग्राम एका सुरात सांगत होते, शिल्लक शून्य. तिघांचं एकमत झालेलं आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. शेठच्या केबिनच्या खिडकीतून मात्र अंगणात बारा काळ्या टाक्या रांगेत उभ्या दिसत होत्या. नव्या कोऱ्या, तडा एकीलाही नाही.

शेठ एकदा स्क्रीनकडे बघत, एकदा खिडकीकडे. टायवाल्या साहेबांनी आतलं काहीतरी उघडलं आणि विचारलं, "हे वजा सहा कुणी घातलंय?"

मी उभी राहिले. "मी सांगितलं होतं."

"आपलं शिक्षण?"



"नियम मी घातला," मॅडम म्हणाल्या. "माझं शिक्षण विचारा. आणि वजा सहानं बाराचे सहा होतात, शून्य होत नाही. आधी काकांना बोलवा."

काका आले, चप्पल बाहेर काढून. मॅडमनी विचारलं, "काका, हजार लिटरच्या किती टाक्या लिहिल्या?"

"सहा."

"आहेत किती?"

"बारा. तडेवाल्या मी शनिवारीच भंगारात काढल्या. नवीन मशीनसमोर लाज नको."

"मग सहा का लिहिल्या?"

काकांनी माझ्याकडे बोट केलं. "ही बाय इतकी वर्सं सहा कमी करून सांगते. आता ही फोनवर नाय. मशीनला कोन सांगनार? म्हनून हिचे सहा मीच कमी केले."

शेठना हसू आवरलं नाही. साहेबांनी टाय सैल केला. मला मात्र रडू आलं. माझी आठवण ठेवून कुणी माझं काम करील, असं चंदनसारला आल्यापासून मला कधी वाटलं नव्हतं. ते नेमकं अशा दिवशी व्हायचं होतं.

मॅडम म्हणाल्या, "चूक दोघांचीही नाही. काय विचारायचं ते आपण ठरवलं, काय उत्तर द्यायचं ते ठरवलं. मधलं कोण करणार, ते कुणी लिहिलंच नाही. ते लिहायला माणूस हवा, आणि ते हिच्याइतकं कुणाला माहीत नाही." शेठ म्हणाले, "न्या तिला."

अशी मी एसी खोलीत गेले. प्रत्येक सर्व्हिसचं एक पान लिहायचं: कोण विचारणार, काय विचारणार, उत्तर काय, आणि कमी-जास्त करायचं ते कुणी. मी लिहायचे ते बोलल्यासारखं व्हायचं. मॅडम इंग्रजीत करायच्या आणि मग म्हणायच्या, "तुझंच बरं वाटत होतं." पहिल्या पानावर मी लिहिलं होतं, 'तडे गेलेली टाकी काकांनी मोजू नये. बाकी कुणी काही वजा करू नये.' काकांनी ते पान गोडाऊनच्या दारावर चिकटवलं.

बऱ्याच महिन्यांनी केळं सोलता सोलता मॅडम म्हणाल्या, "सतरा नंबरचा फॉर्म माहीत आहे का? बाहेरून दहावीला बसतात तो."

मी माझं केळं तसंच खाली ठेवलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"पास झालेला माणूस 'दहावी पास' लिहितो. तू फोनवर बसलीस त्या आठवड्यातच मी तुझा अर्ज पाहिला होता."

म्हणजे त्या सोमवारी साहेबांनी शिक्षण विचारलं, तेव्हा मॅडमना सगळं ठाऊक होतं.

मॅडम आता वाडीतच असतात. भेटले की आधी पाणी देतात, मग फॉर्मचं विचारतात. यंदा घर होतं, यंदा दुखणं होतं, असं मी दरवर्षी काहीतरी सांगते आणि त्या "हं" म्हणतात. त्यांनी आणून दिलेला फॉर्म कपाटात साड्यांखाली आहे, घडीवर पिवळा पडलेला. नवा आणावा लागेल. मी आणीन, मॅडम. भरीन आणि बसेनही. तुमच्यासाठी मी दुसरं काय करणार, तुमच्याकडे केळीसुद्धा घरची आहेत. एक दिवस निकाल घेऊन वटारला येईन, आणि गणितात पडले असतील तेवढेच मार्क सांगेन, सहा कमी न करता.