चार्टात जंग नसतो

नागपुरात एका कार सर्व्हिस सेंटरवर मी ॲडव्हायजर आहे. कुठल्या कामाला किती वेळ लागेल आणि त्याची मजुरी किती, हे गिऱ्हाइकाला सांगणं माझं काम. या नोकरीत किस्से शोधत फिरावं लागत नाही. सकाळी शटर उघडलं की तेच येऊन उभे राहतात. हसण्यासारखे आहेत म्हणून सांगायला बसतो, आणि हसू मधेच कुठे जातं कोण जाणे!

*

हेड ऑफिसनं प्रत्येक कामाच्या वेळेचा चार्ट पाठवला. वेळा मोजल्या होत्या कोऱ्या गाड्यांवर, एसी हॉलमध्ये. मी मॅनेजरसाहेबांना विचारलं, "यात जंग लागलेला बोल्ट धरला आहे का?"

साहेब म्हणाले, "चार्टात जंग नसतो!"

*

मे महिना. रामटेकहून भर उन्हात एक गाडी आली. आमचा जुना मेकॅनिक प्रभाकर बॉनेट उघडून नुसता उभा. कॉम्प्युटरवर त्याची वेळ धावतेय. साहेब केबिनमधून ओरडले, "काहून उभा आहे गा?"

"इंजिन थंडं होऊन राहिलं, साहेब. हात भाजते."

"मग तोवर दुसरी गाडी घे!"

दुसरीही उन्हातूनच आली होती.

*

इतवारीतले एक भांड्यांचे व्यापारी. त्यांचं काम ठरल्यापेक्षा लवकर आटोपलं, तर भडकले. "एवढ्यात झालं? मग लेबर कमी करा ना!"

पुढच्या खेपेला उशीर झाला, तर म्हणाले, "मेकॅनिक नवा ठेवला काय?"

दोन्ही वेळी मेकॅनिक प्रभाकरच होता.

*

सगळ्यात फास्ट मेकॅनिक म्हणून संदीपचा फोटो भिंतीवर लागला. त्याच आठवड्यात त्यानं केलेली एक गाडी चाकाचा आवाज करत परत आली. साहेबांनी ती प्रभाकरकडे दिली. त्यानं अर्धा दिवस घालवून ती नीट केली. पण दुसऱ्यांदा केलेल्या कामाला चार्टात वेळच नाही. तो अर्धा दिवस प्रभाकरच्या नावावर आळस म्हणून चढला!

*

शेवटी 'स्पीड कमी' म्हणून प्रभाकरला काढलं. पाने-पकडी पिशवीत भरता भरता त्यानं मला विचारलं, "भाऊ, माह्या हातची एक तरी गाडी वापस आली काय?"

एकही आली नव्हती. मी तसाच केबिनमध्ये गेलो आणि साहेबांना हे सांगितलं. त्यांनी स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत शोधलं. म्हणाले, "असा कॉलमच नाही रे."

बाहेर आलो तर प्रभाकर गेला होता.

*

दिवाळीच्या आधी एका रविवारी साहेबांचा फोन. "आपला तो प्रभाकर कुठे असते आता? घरच्या गाडीचे ब्रेक करायचे आहेत."

तो गांधीबागेकडच्या एका लहानशा गॅरेजात लागला होता. मला वाटलं, येणार नाही. पण आला. मीच त्याला साहेबांच्या घरी घेऊन गेलो. चाक काढून तो खाली बसला, तसं साहेबांनी स्वतः आतून त्याच्यासाठी स्टूल आणलं, चहा आणला, आणि शेजारी उभे राहून म्हणाले,

"घाई नको करू गा, प्रभाकर. लागते तेवढा वेळ घे. या गाडीत माझी पोरगी बसते."